खरेदीदाराच्या स्क्रीनवर तुमचा मेल नीट दिसावा म्हणून

सोलापुरातून टॉवेल, चादरी, युनिफॉर्म यांचे कॅटलॉग रोज मेलने परगावी आणि परदेशी जातात. पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर मेल छान दिसतो. तोच खरेदीदाराच्या ऑफिसात उघडला, की फोटो एकाखाली एक घसरलेले आणि बटण गायब. असं का होतं आणि आमच्याकडे मेलचा साचा कसा तयार होतो, ते इथे सांगत आहोत.

वेबसाइट आज बहुतेक ब्राउझरमध्ये जवळपास सारखी दिसते. मेलचं तसं नाही, कारण प्रत्येक मेल प्रोग्राम एचटीएमएल, म्हणजे मेलची मांडणी सांगणारा कोड, आपल्या पद्धतीने वाचतो. सगळ्यात जास्त त्रास विंडोजवरच्या जुन्या आउटलुकचा. आउटलुक २००७ पासून त्याने मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोरर सोडून वर्डचं इंजिन घेतलं. त्यामुळे गोल कडांची बटणं तिथे चौकोनी होतात, मजकुरामागचा फोटो दिसत नाही आणि वेबसाइटसारखी आधुनिक मांडणी कोसळते. नवं आउटलुक यातून सुटलं आहे. पण समोरच्याकडे कोणतं आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

म्हणून चादरीची नक्षी जशी आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, तसा आम्ही मेल टेबलाच्या चौकोनांत बसवतो. रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास ठेवतो. रंग, अक्षराचा आकार, मोकळी जागा हे सगळं ज्या त्या चौकोनावरच लिहितो. कोडच्या सुरुवातीला या सूचना एकत्र लिहिल्या, तर त्याला स्टाइल म्हणतात; ती जीमेल २०१६ पासून मानतं. मात्र कंपनीचं स्वतःचं, गूगलचं नसलेलं खातं फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये जोडलेलं असेल, तर तीच स्टाइल गळून पडते. व्यापारात अशी खाती भरपूर.

एकच मोठा फोटो पाठवू नका

‘कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ब्रोशर तयार आहे, तेच चिकटवून द्या,’ अशी मागणी वारंवार येते. ती आम्ही घेत नाही. बाहेरून येणारे फोटो आउटलुक सहसा आधी अडवतं. वाचणाऱ्याने परवानगी देईपर्यंत तिथे फक्त रिकामी चौकट असते, म्हणजे तुमचा भाव, साइज, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन), फोन नंबर काहीच पोहोचत नाही. या चार गोष्टी आम्ही मजकुरातच ठेवतो. प्रत्येक फोटोमागे ‘जॅकार्ड चादर, डबल बेड’ असं वर्णनही लिहितो, फोटो अडला तर ते दिसतं. बटणसुद्धा फोटोचं नसतं; रंग भरलेल्या चौकोनात लिंक असते.

मराठी मजकूर असेल तर

दिवाळीच्या किंवा गड्डा यात्रेच्या शुभेच्छा मराठीत पाठवायच्या असतील, तर मजकूर युनिकोडमध्येच द्या. डीटीपीवाल्याकडचा जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट मेलमध्ये निरर्थक चिन्हं होऊन उमटतो, कारण तो फॉन्ट समोरच्याकडे नसतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याचा आग्रहही धरू नका, शिरोरेषा तुटते. ओळींची उंची आम्ही इंग्रजीपेक्षा सैल ठेवतो, नाहीतर आउटलुकमध्ये वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. फॉन्ट ज्याच्या त्याच्या यंत्रावरचा येतो: विंडोजवर निर्मला यूआय, बहुतेक अँड्रॉइड फोनवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. लग्नपत्रिकेसारखं वळणदार अक्षर हवंच असेल तर फक्त मथळ्यापुरतं, फोटोच्या रूपात.

काळा लोगो पारदर्शक असेल, तर डार्क मोडमध्ये तो पार्श्वभूमीत विरून जातो. पांढरी कड असलेला लोगो द्या.

आमची हमी कशाची

मेल सगळीकडे हुबेहूब दिसेल, असं आम्ही म्हणत नाही. तसं कोणी म्हणत असेल तर त्याला आउटलुकमध्ये दाखवायला सांगा. आमच्या साच्यात मजकूर सगळीकडे वाचता येतो, भाव दिसतो, बटण दाबलं की उघडतं. जुनं आणि नवं आउटलुक, ब्राउझरमधलं जीमेल, अँड्रॉइडवरचं जीमेल आणि आयफोनचं मेल ॲप, एवढ्या ठिकाणी मेल उघडून त्याचे स्क्रीनशॉट तुम्हाला देतो. ते पाहून तुम्ही होकार दिल्यावरच काम पूर्ण धरतो.

साचा हातात आल्यावर भाव किंवा फोटो तुम्हीच बदलू शकता. फक्त वर्डमधून मजकूर थेट चिकटवू नका. त्याबरोबर अनावश्यक कोड येतो आणि मेलचा कोड १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल उरलेला भाग कापून लपवतं. खाली असलेला तुमचा पत्ता त्यातच जातो. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथून उचला आणि मगच साच्यात बसवा.