बक्षिसाचा धनादेश आणि अनुदानाचा हप्ता

दरवर्षी एखादा तरी असा फोन येतोच. "मॅडम, फंडिंग मिळालं!" आवाजातला आनंद ऐकून आपल्यालाही बरं वाटतं. मग मी विचारते, "बक्षीस मिळालं की ग्रँट?" पलीकडे क्षणभर शांतता. "म्हणजे... चेक मिळालाय ना, मॅडम."

चेक दोन्हींत मिळतो आणि घोळ तिथेच होतो. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून गावासाठी, वस्तीसाठी, एखाद्या अंधशाळेसाठी काहीतरी बनवणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींबरोबर मी काही वर्षं काम करते आहे. त्यांचे अर्ज वाचते, सर्किट तपासते, रविवारी त्यांच्याबरोबर साइटवर जाते. या दोन पैशांमधला फरक वेळेवर न कळल्यामुळे चांगली कामं अर्ध्यावर थांबलेली मी पाहिली आहेत. त्यातलं एक तर आमचंच आहे.

बक्षीस मिळतं ते करून दाखवलेल्या गोष्टीसाठी. परीक्षकांनी पाहिलं, पसंत केलं, व्यवहार संपला. त्या पैशाचं पुढे काय केलं हे सहसा कोणी विचारत नाही. अनुदान मिळतं ते अजून व्हायच्या कामासाठी. देणाऱ्यानं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो, म्हणून तो पावत्या मागतो, अहवाल मागतो, आणि पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याचा हिशेब बघून सोडतो.

आपल्याकडची ओळखीची उदाहरणं घेऊ. 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' २०१७ पासून होतं. मंत्रालयं आणि संस्था आपापल्या अडचणी मांडतात, संघ त्यांवर उपाय काढतात, सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास बसून काम करतात आणि विजेत्यांना रोख रक्कम मिळते. हे बक्षीस. आता 'एपिक्स इन आय-ट्रिपल-ई' ही अनुदान देणारी योजना बघा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये लीआ जेमिसन आणि एडवर्ड कॉयल यांनी 'एपिक्स' हा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी स्थानिक सेवाभावी संस्थांसाठी खरीखुरी उपकरणं बनवायची आणि त्याचेच गुण मिळवायचे, अशी त्याची रचना. जेमिसन पुढे, २००७ मध्ये, आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि २००९ पासून ती कल्पना संघटनेच्या स्वयंसेवकांमार्फत इतर देशांत पोचली. तिथे १,००० ते १०,००० डॉलरपर्यंत अनुदान मागता येतं. पण अर्जात विद्यार्थी हवेत, मार्गदर्शक स्वयंसेवक हवेत आणि ज्यांच्यासाठी काम करायचं ती संस्थाही भागीदार म्हणून हवी. हॅकेथॉनच्या मंचावर ती संस्था नसली तरी तुम्ही जिंकू शकता. इथे तिच्यावाचून अर्जच उभा राहत नाही. माझ्या मते दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

हे दोन्ही पैसे तीनशे वर्षांपूर्वी एकाच कायद्यात शेजारीशेजारी बसले होते. समुद्रावर रेखांश शोधण्याची पद्धत काढणाऱ्याला ब्रिटनच्या संसदेनं १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. अर्ध्या अंशापर्यंत अचूक असेल तर पूर्ण रक्कम, एका अंशापर्यंत असेल तर निम्मी. त्याच कायद्यात प्रयोगांसाठी २,००० पौंडांपर्यंत खर्च करायची मुभाही होती. अचूक वेळ कळली की रेखांश काढता येतो, म्हणून जॉन हॅरिसन या मूळच्या सुतारानं समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ बनवायला घेतलं. त्याचं पहिलं सागरी घड्याळ पाहून या कायद्याखालच्या रेखांश मंडळानं १७३७ मध्ये दुसऱ्या घड्याळासाठी ५०० पौंड मंजूर केले, निम्मे आगाऊ आणि निम्मे घड्याळ हाती दिल्यावर. आजच्या कुठल्याही अनुदानपत्रात शोभेल अशी अट! बक्षिसाची पहिली मोठी रक्कम, १०,००० पौंड, त्याच्या हाती पडली १७६५ मध्ये. उरलेल्यासाठी तो भांडत राहिला आणि १७७३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, संसदेनं त्याला ८,७५० पौंड दिले. मधली इतकी वर्षं पितळ, पोलाद आणि घरखर्च भागवण्यात या ५०० पौंडांसारख्या लहान लहान रकमांचा मोठा हात होता. बक्षिसाची आशा माणसाला कामाला लावते हे खरं, पण त्या आशेवर दुकानदार सुटे भाग उधार देत नाही.

म्हणून बक्षीस कमी दर्जाचं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या लाखो लोकांच्या कूपनलिकांत आर्सेनिक हे विषारी द्रव्य आहे. ते काढणाऱ्या स्वस्त, वीज न लागणाऱ्या पद्धतीसाठी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगनं 'ग्रेंजर चॅलेंज' ही स्पर्धा घेतली. २००७ मध्ये १० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं बांगलादेशात जन्मलेल्या अबुल हुसाम या रसायनशास्त्रज्ञाला. भावांच्या मदतीनं त्यांनी 'सोनो' गाळणी तयार केली होती. एकावर एक ठेवलेल्या बादल्या आणि त्यांत वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडापासून बनवलेला खास थर. बक्षिसातली ७० टक्के रक्कम गरजू वस्त्यांत गाळण्या वाटण्यासाठी वापरायचं हुसाम यांनी जाहीर केलं. म्हणजे घेतलं बक्षीस म्हणून आणि वापरायचं ठरवलं अनुदानासारखं. त्यांना तसं करायला कोणी भाग पाडलं नव्हतं.

त्याच स्पर्धेत दुसरं, २ लाख डॉलरचं बक्षीस अरूप सेनगुप्ता यांच्या चमूला मिळालं. पश्चिम बंगालमधल्या गावांत हातपंपालाच जोडलेली त्यांची गाळणी गावाची समिती चालवायची, घरटी थोडी वर्गणी घ्यायची, आणि आतला माल संपला की टाकून न देता धुऊन पुन्हा वापरायचा. मला स्वतःला हे दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तिथे यंत्राच्या बरोबरीनं समितीही तयार झाली.

आता आमचं. सह्याद्रीच्या उतारावरच्या एका गावात पाण्याची टाकी टेकाडावर आहे. पाणी सोडणारे काका टाकी भरली की नाही हे बघायला दिवसातून दोन-तीनदा वर चढायचे. आमच्या गटातल्या पाच जणांनी पातळी मोजणारा सेन्सर, छोटं सोलर पॅनल आणि सिमकार्ड घालून काकांच्या मोबाइलवर मेसेज येईल अशी सोय केली. मुलांनी ती एका स्पर्धेत मांडली आणि पहिला क्रमांक आला. रक्कम पाच जणांत वाटली गेली, कोणी फी भरली, कोणी जुना लॅपटॉप घेतला. पैसे त्यांचेच होते, त्यात गैर काहीच नव्हतं. पण सगळ्यांनी, मीसुद्धा, मनात धरून चाललो होतो की आता या कामाला पैसा मिळालाय. दुसऱ्या पावसाळ्यात डब्यात ओल शिरली, सिमचं रिचार्ज संपलं आणि काका पुन्हा टेकाड चढायला लागले. ती चूक आमची, आणि त्यातही माझी जास्त. मुलं पास होऊन पांगणार हे मला आधीच ठाऊक होतं.

तेव्हाच अनुदानासाठी अर्ज केला असता तर प्रश्नच वेगळे विचारले गेले असते. दोन वर्षांनी बॅटरी कोण बदलणार? काकांना शिकवणार कोण? ग्रामपंचायतीचं पत्र कुठे आहे? असे प्रश्न आले की मुलं वैतागतात, "आम्ही फुकट काम करतोय आणि वर हिशेबही द्यायचा?" त्यांचा राग मला कळतो. पण ते प्रश्न विचारणारा टेकाडावरच्या काकांची बाजू घेत असतो.

हिशेबाची शिस्त कडक असते हे मात्र आधी माहीत हवं. सरकारी अनुदान असेल तर काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला, द्यावं लागतं, न वापरलेली रक्कम परत जाते आणि अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही आपलं नसतं. परदेशातून संस्थेच्या खात्यात येणारं अनुदान असेल तर 'एफसीआरए' हा परदेशी देणग्यांचा कायदा लागतो. त्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसलेलं मंडळ तो पैसा घेऊच शकत नाही. तेव्हा अर्जाआधी कॉलेजच्या किंवा भागीदार संस्थेच्या लेखापालांना भेटा. स्वयंसेवकाच्या वेळेचा मोबदला बहुतेक अनुदानांत बसत नाही, पण साहित्य, प्रवास, प्रशिक्षण हे मागता येतं. लाजून कमी आकडा टाकू नका. बक्षीस मात्र तुमचं उत्पन्न असतं आणि त्यावर कर लागू शकतो.

गावाची लोकवर्गणी या दोन्हींत मोडत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाणीयोजनेच्या भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा गावानं उचलावा अशी अपेक्षा आहे. डोंगराळ किंवा जंगली भागांत, तसंच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. रक्कम छोटी असते. पण ज्यानं शंभर रुपये दिले तो सेन्सर बंद पडल्यावर फोन करतो, हा माझा अनुभव आहे.

स्पर्धेत उतरायचंच असेल तर खुशाल उतरा, पण अंतिम फेरीच्या आधी सगळ्यांनी बसून एका कागदावर लिहून ठेवा की बक्षीस मिळालं तर किती आपलं आणि किती कामाचं. जिंकल्यावर ही चर्चा अवघड होते.

सध्या आम्ही त्याच गावासाठी अनुदानाचा अर्ज लिहितोय. खर्चाच्या तक्त्यात पहिल्या ओळीला सिमचं तीन वर्षांचं रिचार्ज आहे, दुसऱ्या ओळीला पाणी आत न जाणारा डबा, सेन्सर चौथ्या ओळीला. सरपंचताईंनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत पाठवते म्हणून सांगितलंय. ती आली की अर्ज जाईल.