गावठी पिल्लाची किंमत

जिन्याखाली भाटी, म्हणजे मांजरी, व्याली की पिल्लांचे रंग बघायला इमारतीतली सगळी पोरं जमतात. एक काळं कुळकुळीत, एक पट्टेरी, एक पांढऱ्यावर भगवे ठिपके घेऊन आलेलं. आई एकच, पण बाप एकच असेल असं नाही. भाटीचं बीज सुटतं तेच मुळी बोक्याशी संग झाल्यावर. माजाच्या दिवसांत दोन-तीन बोके आले, तर एकाच वेतात सावत्र भावंडं जन्मतात. या पिल्लांना आपण गावठी म्हणतो, फुकट वाटतो आणि कोणी नेलं नाही तर मासळी बाजारात सोडून येतो. त्याच इमारतीत कोणीतरी हजारो रुपये मोजून पर्शियन जातीचं मांजर आणतं. मला हा व्यवहार उफराटा वाटतो.

मांजर माणसाजवळ आलं ते पश्चिम आशियात, शेतीच्या मागोमाग. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजर-प्रदर्शन मात्र १८७१ सालचं, आणि आजच्या बहुतेक जाती त्यानंतर घडवलेल्या. मूळ मांजर गावठीच. जाती तिच्यातून मोजकी मांजरं वेचून केल्या.

या वेचण्यातच धोका असतो. १९६१ साली स्कॉटलंडमध्ये कूपर अँगसजवळच्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची सूझी नावाची मांजर आढळली. ती शेतावरचीच, साधी. तिच्या वंशातून स्कॉटिश फोल्ड ही जात झाली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे, आणि कूर्चा फक्त कानात नसते. तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांत उतरतो. काही मांजरं लहानपणीच लंगडू लागतात, उडी मारणं सोडतात. ज्या कानांसाठी लोक पैसे मोजतात, ते कान म्हणजेच आजाराचं लक्षण आहे.

पर्शियनांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असाच पसरला. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं, तेव्हा जगभरातल्या पर्शियनांपैकी साधारण एक तृतीयांशांत तो दोष असावा असा अंदाज होता. शिवाय नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या की लपलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात. गावठी पिल्लाला आईकडून एक आणि भलत्याच घराण्यातल्या बोक्याकडून दुसरं जनुक मिळतं. एक बिघडलेलं असलं तरी बऱ्याचदा दुसरं निभावून नेतं. म्हणून ते आजारीच पडत नाही असं नाही. पण त्याची सुरुवात बरी होते. पुढचं सगळं आपल्या हातात.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. या काळात रोज प्रेमाने हाताळलेलं पिल्लू पुढे माणसाला बुजत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू कराव्यात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. नसबंदी पाचव्या महिन्याच्या सुमारास, कारण चार-पाच महिन्यांची भाटीही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत वितेही. ‘एक वेत होऊ दे, मग बघू’ असं अनेक घरांत म्हणतात. त्या वेताचा तिच्या तब्येतीला काहीही फायदा नाही. उलट सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो. बाहेरच्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर बहुधा त्याची नसबंदी झालेली असते.

आणि कृपा करून नुसत्या दूधभातावर मांजर वाढवू नका. टॉरीन हा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून मिळतो. त्याच्या अभावी दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हा हृदयाशी असलेला संबंध १९८७ मध्ये स्पष्ट झाला. गाईच्या दुधाने मोठ्या मांजरांना बऱ्याचदा जुलाब होतात. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल तर कधीच देऊ नये: ती पचवून बाहेर टाकण्याची यकृताची यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच, आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.