बटण दाबण्याआधी काय घडतं?

झटपट मिनीगेममध्ये राक्षसाला लोळवलं की खेळाडू हमखास म्हणतो, ‘माझे रिफ्लेक्सेस जबरदस्त आहेत!’ खरं तर त्यात रिफ्लेक्स नसतोच.

१९९६च्या ‘कर्बी सुपर स्टार’ या व्हिडिओ गेमच्या संग्रहातला ‘सामुराई कर्बी’ घ्या. दोघे समोरासमोर, सगळं स्तब्ध. अचानक उद्गारचिन्ह झळकतं; आधी बटण दाबेल तो जिंकला. चिन्हाआधी दाबलं तर फाउल. चिन्ह कधी येणार हे कळत नाही, हीच यातली गंमत. ठरावीक वेळाने आलं असतं तर आपण नुसते आकडे मोजले असते.

गुडघ्यावर हातोडी बसताच पाय उडतो, तो रिफ्लेक्स. तो निरोप मज्जारज्जूतूनच परततो. बटण मात्र मेंदू दाबायला लावतो आणि त्यासाठी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात.

एवढा वेळ जातो कुठे? चेतातंतूंत फारसा नाही. बेडकाच्या चेतेतून संदेश किती वेगाने जातो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५०मध्ये मोजून दाखवलं. आपल्या हाताकडे जाणाऱ्या तंतूंत हा वेग सेकंदाला ५०-६० मीटर असतो, म्हणजे मेंदूपासून अंगठ्यापर्यंतचं मीटरभर अंतर २० मिलिसेकंदांत पार. खरा उशीर डोळ्यापासूनच सुरू होतो. दृष्टिपटलावर प्रकाश पडला की रंगद्रव्याचा रेणू आकार बदलतो, तो एका प्रथिनाला जागं करतो, ते प्रथिन एका विकराला (एन्झाइमला); विकर सीजीएमपी नावाचा रेणू तोडतो, मग पेशीच्या पडद्यातल्या आयन-वाहिन्या मिटतात आणि तेव्हा कुठे विद्युत-संदेश बदलतो. कानातल्या केसपेशींत वाहिन्या थेट ताणाने उघडतात, म्हणून आवाजाला आपण ३०-४० मिलिसेकंद लवकर प्रतिसाद देतो.

उरलेला बराचसा वेळ निर्णयाचा. डच शास्त्रज्ञ डॉन्डर्सने १८६८मध्ये दाखवलं की पर्याय वाढले की वेळही वाढतो. एक राक्षस, एक बटण, म्हणून हा खेळ एवढा चपळ वाटतो. ‘रिफ्लेक्स दुप्पट करा’ म्हणणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅप्सवर पैसे घालवू नका. डोळ्यातली ती रासायनिक साखळी कोणत्याही गोळीने निम्म्या वेळात उरकत नाही.

टीव्ही मात्र तपासा. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) धरल्या तर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची. चित्र सुधारण्यासाठी नवे टीव्ही कधीकधी अनेक चौकटी अडवून ठेवतात, म्हणून चित्र उशिरा दिसतं. जुन्या काचेच्या टीव्हीत हा उशीर जवळजवळ नव्हता. ‘गेम मोड’ सुरू केला की तो बराच कमी होतो.