जुन्या गाडीतील दोष आणि गॅरेजशी वाद: ग्राहक आयोगात तक्रार कोण करू शकतो, कोणते कागद लागतात आणि अर्ज कुठे अडतो

जुनी गाडी घेऊन महिना होत नाही तोच तिचा गिअरबॉक्स गेला, किंवा गॅरेजने इंजिनाचे काम करून दिल्यावर आठवड्याच्या आत ती टोचन करून परत आणावी लागली, की मुंबईतला माणूस आधी आरटीओत जातो, तिथून पोलीस ठाण्यात आणि सगळीकडून परत आल्यावर ग्राहक आयोगाकडे. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याचे दोन-चार महिने सहज जातात. आरटीओ नोंदणी, हस्तांतरण आणि वाहनाची योग्यता पाहते. मिस्त्रीने काम नीट केले की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. पोलीस बहुतेक वेळा हा दिवाणी वाद असल्याचे सांगतात. किलोमीटर मागे फिरवले असतील किंवा कागद बनावट असतील तर फसवणुकीची फिर्याद अवश्य द्यावी, मात्र तिच्यातून दुरुस्तीचा खर्च हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. खर्चाची भरपाई मागण्याची जागा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खालील जिल्हा आयोग ही आहे.

तक्रार कोण करू शकतो

गाडी कोणाकडून घेतली, हा पहिला प्रश्न असतो आणि अनेक अर्ज तिथेच संपतात. शेजाऱ्याने किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याने स्वतःची वापरलेली गाडी विकली असेल, तर तो व्यापारी ठरत नाही आणि त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. अशा व्यवहारात करार कायदा आणि 1930 चा मालविक्री कायदा यांच्या आधारे दिवाणी न्यायालयातच जावे लागते. तिथेही, विकणारा त्या मालाचा धंदा करणारा नसेल तर ‘माल पारखून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी’ हेच सूत्र लागू होते आणि विकणाऱ्याने दोष जाणूनबुजून लपवला हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते.

गाडी विक्रेत्याकडून घेतली असेल तर मार्ग मोकळा आहे, पण इथे एक खाच आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले असून मूळ मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचनाही पोर्टलवर द्यावी लागते. असे असूनही रस्त्याकडेला पंधरा-वीस गाड्या लावून बसलेले अनेक जण नमुना 29 आणि 30 या मालकी हस्तांतरणाच्या अर्जांवर मूळ मालकाची आणि नव्या खरेदीदाराची थेट सही घेतात. कागदावर मग विक्रेता उरतच नाही आणि तक्रार आली की ‘आम्ही फक्त ओळख करून दिली’ असे उत्तर येते. या उत्तराला तोड एकच: पैसे कोणाच्या खात्यात गेले याचा पुरावा. यूपीआयची नोंद, बयाण्याची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याच्या क्रमांकावरून आलेले संदेश एकत्र ठेवले की त्याला व्यवहारातून अंग काढून घेणे जड जाते. बयाणा रोखीने देऊन पावतीही न घेतलेल्या माणसाला हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटते.

दुसरी अडचण टॅक्सी, रिक्षा आणि टेम्पोवाल्यांची. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ नसतो, म्हणून समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. कायद्यात अपवाद आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. मात्र ही गोष्ट तक्रारीत स्पष्ट लिहावी लागते. स्वतःची काळी-पिवळी स्वतः चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या तक्रारीत हे एक वाक्य नव्हते, आणि पुढचे कित्येक महिने ते ग्राहक आहेत की नाहीत यावरच युक्तिवाद चालला होता. गाडीच्या बिघाडाचा विषय निघालाच नाही.

मुदत आणि हद्द

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ही मुदत लोक फार चुकीची वाचतात. काम बिघडल्यावर गॅरेजवाला ‘आणा, फुकट बघून देतो’ म्हणत राहतो, अर्जदार दर दोन महिन्यांनी गाडी नेत राहतो आणि मुदत शेवटच्या फेरीपासून मोजली जाईल असे समजतो. तसे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पत्रे पाठवल्याने, नोटीस दिल्याने किंवा समोरच्याने ‘बघतो’ म्हटल्याने मुदत वाढत नाही. सुरक्षित मार्ग म्हणजे दोष पहिल्यांदा लक्षात आला त्या तारखेपासून दोन वर्षे मोजणे. उशीर झालाच असेल तर तक्रारीसोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि त्यात ‘घरगुती अडचणींमुळे’ असे मोघम न लिहिता आजारपणाचे कागद, तारखा, जे काही खरे असेल ते मांडावे.

कोणत्या आयोगात जायचे हे आता गाडीसाठी किंवा कामासाठी प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ही रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200 रुपये आणि 20 लाखांपर्यंत 400 रुपये. थोडक्यात, गॅरेजच्या बिलाच्या बहुतेक तक्रारी निःशुल्क असतात.

पूर्वी विरुद्ध पक्ष जिथे असेल तिथे किंवा व्यवहार झाला तिथेच जावे लागे. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो तिथेही तक्रार करण्याची सोय दिली. त्यामुळे दिल्लीहून आणलेल्या गाडीसाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही, आणि डोंबिवलीत राहून फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्याला मुंबईतही तक्रार करता येते; नोकरीच्या ठिकाणाचा पुरावा मात्र जोडावा. मुंबई शहरासाठी परळ आणि उपनगरांसाठी वांद्रे पूर्व येथे आयोगांची कार्यालये आहेत.

कागद, आणि न मिळणारा कागद

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आरसी, विमा, पैसे दिल्याचा पुरावा, पाठवलेली नोटीस आणि तिची पोचपावती यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अडचण येते ती बिलाची.

ओळखीच्या मिस्त्रीकडे पक्के बिल मागणे आपल्याकडे अपमानास्पद समजले जाते. एका अर्जदाराने फाईलमधून काढून दाखवलेला ‘पुरावा’ म्हणजे पिस्टन रिंगच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता. त्यावर निळ्या पेनाने ‘इंजिन काम 18,000, बाकी 3,000’ एवढेच लिहिलेले, खाली तेलाचा अंगठा. गाडीचा क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. तरीही तो फेकून देऊ नये असे मी सांगितले, कारण 15,000 रुपये यूपीआयने गेल्याची नोंद फोनमध्ये होती आणि दोन्ही आकडे जुळत होते. बिल न देणे ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून बिल नसेल तर गप्प न बसता ते लेखी मागावे, आणि नकार मिळाला तर ती तक्रारीतली आणखी एक बाब म्हणून मांडावी.

जॉबकार्ड आणि एस्टिमेट गाडी सोडतानाच घ्यावे. कोणती तक्रार घेऊन गाडी आत गेली हे सांगणारा दुसरा कागद नसतो. काढलेले जुने सुटे भागही मागून घ्यावेत, निदान त्यांचे फोटो काढावेत. अधिकृत सेवा केंद्रात गाडी परत देताना समाधानपत्रावर सही घेतात आणि रांगेत उभा असलेला माणूस न वाचता ती करतो. त्या सहीचाच पुढे बचाव होतो. सही करावीच लागली तर वर ‘गाडी चालवून पाहिलेली नाही, हरकत राखून’ असे हाताने लिहावे.

बिलावर वाद असेल तर गाडी ओढून नेण्याचा प्रयत्न करू नये. श्रम आणि कौशल्य लावून केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 ने काम करणाऱ्याला दिलेला आहे. शक्य असल्यास हरकत नोंदवून पैसे भरावेत, गाडी सोडवावी आणि त्याच दिवशी ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर ती हरकत कळवावी. गाडी गॅरेजमध्ये असताना तिची वाजवी काळजी घेणे हे गॅरेजचे कर्तव्य आहे, तेव्हा आत असताना पडलेला पोचा किंवा चोरीला गेलेला स्टिरिओ हाही तक्रारीचा विषय होऊ शकतो.

सर्वांत जास्त तक्रारी बुडतात त्या दुसऱ्या गॅरेजमुळे. पहिल्याने काम बिघडवले म्हणून माणूस घाईने दुसरीकडे जातो, तिथे इंजिन उघडले जाते, दुरुस्ती होते, गाडी धावू लागते आणि दोषाचा पुरावा भंगारात जातो. तपासणीशिवाय ठरवता न येणारा दोष आयोग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण पाठवायला दोष शिल्लक असावा लागतो. गाडी उघडण्यापूर्वी पहिल्या गॅरेजला लेखी कळवून संयुक्त पाहणीसाठी सात-दहा दिवस द्यावेत. तो आला नाही तर परवानाधारक सर्व्हेअरकडून किंवा ऑटोमोबाईल अभियंत्याकडून फोटोंसह अहवाल घ्यावा आणि अहवाल देणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. ‘दुसऱ्या मिस्त्रीने सांगितले’ एवढ्यावर आयोग निर्णय देत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न मुंबईत 26 जुलै 2005 नंतर सर्वांना ठाऊक झाला, तरी दर पावसाळ्यानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून विकायला येतातच. इथे दोष विक्रीच्या वेळी होता हे दाखवावे लागते. एका अर्जदाराने सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून फोटो काढला होता: रोज बाहेर दिसणारा पट्टा स्वच्छ, आणि रिळात गुंडाळलेल्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची करडी रेघ. सीटखालच्या गंजलेल्या पट्ट्या, कार्पेटखालचा चिखल, विम्याच्या जुन्या दाव्याची नोंद यांचाही असाच उपयोग होतो. किलोमीटर मागे फिरवल्याची शंका असेल तर अधिकृत सेवा केंद्रातील जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळवाव्यात. तिथे जुन्या तारखेला आजच्यापेक्षा मोठा आकडा निघाला तर वेगळा युक्तिवाद लागत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ घेतली, या छापील ओळीने घाबरून जाऊ नये, कारण लपवलेला दोष त्या ओळीने झाकला जात नाही. मात्र करारच अनुचित असल्याचे मुख्य म्हणणे असेल तर ते जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते.

नावांचा घोळ वेगळाच. गाडी अजून नावावर झालेली नसते आणि सेवा केंद्राच्या संगणकातून बिल जुन्या मालकाच्या नावाने निघते. तेव्हा नमुना 29 व 30 च्या प्रती, पैसे स्वतः दिल्याचा पुरावा आणि जमल्यास जुन्या मालकाचे पत्र जोडावे. संमतीने वापर करणारा किंवा सेवेचा लाभ घेणारा हाही ग्राहक आहे, पण ते दाखवावे लागते. विरुद्ध पक्षाचे नाव लिहितानाही फलकावरचे नाव पुरत नाही, कारण फलकावर देवाचे नाव असते आणि नोटीस माणसाला बजावायची असते. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे कायदेशीर नाव दिसते. पत्ता चुकल्यामुळे नोटीस परत येणे हे तारखा वाया जाण्याचे मोठे कारण आहे.

व्हॉट्सॲपचे संदेश जोडताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र द्यावे, आणि मूळ फोन विकू नये.

अर्ज आणि पुढचे

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात, गल्लीतले गॅरेज सहसा देत नाही. आणि तिथे नोंद केली म्हणजे आयोगात तक्रार झाली असे नव्हे, दोन वर्षांची मुदत चालूच राहते. आयोगातील तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल करता येते: खाते उघडावे, तक्रार, प्रतिज्ञापत्र, तारखांची यादी आणि कागद क्रमांक घालून चढवावेत. वकील देणे बंधनकारक नाही. दाखल केल्यावर खाते पाहत राहावे, कारण त्रुटी काढल्याची सूचना तिथेच पडून राहते आणि अर्जदार मात्र टपालाची वाट पाहत बसतो.

तक्रार स्वीकारायची की नाही हे सर्वसाधारणपणे 21 दिवसांत ठरते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 46 व्या दिवशी आलेल्या उत्तरावर हरकत घेण्यास संकोच करू नये. तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, एवढेच. सदस्यांची पदे रिकामी राहतात, तारखा पुढे जातात आणि ज्याने 12,000 रुपयांच्या क्लचसाठी अर्ज केला त्याला प्रत्येक तारखेला रजा टाकावी लागते. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर लहान रकमेच्या वादात तो विचारात घेण्यासारखा असतो.

आदेशाविरुद्ध 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर वसुलीसाठी कलम 71 खाली आणि आदेश न पाळल्याबद्दल कलम 72 खाली अर्ज करावा. दुसऱ्या अर्जात एक महिना ते तीन वर्षे कैदेची किंवा 25,000 ते एक लाख रुपये दंडाची, किंवा दोन्हींची तरतूद आहे, आणि वर्षभर फोन न उचलणारा गॅरेजवाला त्याचे समन्स हाती पडले की बहुधा स्वतःहून फोन करतो. आदेशाची प्रमाणित प्रत निकालानंतर लगेच घेऊन ठेवावी.