एक काल्पनिक पुरस्कार आणि पेशीतली उलटी टीप

मागच्या महिन्यात कोथरूडमधल्या एका शाळेत दहावीच्या विद्यार्थ्यांशी वैद्यकातल्या शोधांविषयी बोलण्याचा योग आला. प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, कॅरिंग्टन पुरस्कार कोणत्या देशात देतात? आपल्याकडच्या कोणाला मिळाला आहे का?" तिने वहीत नोबेल, लास्कर आणि कॅरिंग्टन अशी तीन नावे एकाखाली एक लिहून आणली होती. पहिले दोन पुरस्कार खरे आहेत. तिसरा मात्र पृथ्वीवर अजून कोणालाच मिळालेला नाही, कारण तो 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या अमेरिकी विज्ञानकाल्पनिक मालिकेतला आहे. १९९५ साली दाखवल्या गेलेल्या तिच्या एका भागात, चोविसाव्या शतकातल्या त्या विश्वात वैद्यकाचा सर्वांत मानाचा समजला जाणारा हा पुरस्कार डॉ. ज्युलियन बशीर या तरुण डॉक्टरच्या वाट्याला येतो की काय, अशी हवा निर्माण होते. आजवरच्या नामांकितांमध्ये तो वयाने सर्वांत लहान असतो, आणि पुरस्कार अखेर एका ज्येष्ठ डॉक्टरला मिळतो.

मुलीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. पण बशीरला नामांकन ज्या विषयासाठी मिळते तो विषय खरा आहे आणि तो तिच्या पाठ्यपुस्तकातही आहे, हे मी तिला सांगितले. तो विषय म्हणजे जैवरेणूंच्या प्रतिकृती तयार करणे. मालिका त्याचा तपशील देत नाही. तपशील आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही कल्पितकथेपेक्षा चकित करणारा आहे.

पेशीचे विभाजन होताना डीएनएची 'झेरॉक्स' निघते, असे आपण मुलांना सहज सांगून टाकतो. अप्पा बळवंत चौकात नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चौथ्या-पाचव्या प्रतीत वेलांट्या तुटतात आणि अनुस्वार नाहीसे होतात. आपले शरीर मात्र एकाच फलित पेशीपासून प्रतीची प्रत काढत तयार होते आणि तरीही मजकूर वाचता येण्याजोगा राहतो. त्यामुळे खरा प्रश्न 'प्रत कशी निघते' एवढाच नसून 'प्रत शुद्ध कशी राहते' हा आहे.

माणसाच्या जनुकीय मजकुराच्या एका संचात सुमारे ३२० कोटी अक्षरे असतात आणि प्रत्येक पेशीत असे दोन संच असतात, म्हणजे एका विभाजनापूर्वी सुमारे ६४० कोटी अक्षरांच्या जोड्यांची नक्कल करावी लागते. अक्षरे चारच आहेत: अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन बसते. हे बसवण्याचे काम करणारे विकर (एन्झाइम) म्हणजे डीएनए पॉलिमरेज. ते शोधून काढल्याबद्दल आर्थर कॉर्नबर्ग यांना १९५९ साली नोबेल मिळाले. हे विकर पुष्कळ काळजीपूर्वक अक्षरे निवडते, तरी साधारण लाखात एखादे अक्षर चुकते. लाखात एक ऐकायला फार कमी वाटते, पण ६४० कोटींना लाखाने भागले की प्रत्येक विभाजनात ६४ हजार चुका होतात.

येथे पॉलिमरेजची दुसरी करामत कामाला येते. या रेणूची रचना उजव्या हाताच्या पंजासारखी असते. तळवा, बोटे आणि अंगठा हेच शब्द शास्त्रज्ञही वापरतात. चुकीचे अक्षर बसले की जोडी नीट जुळत नाही, साखळीचे टोक सैल पडते आणि काम थबकते. मग ते सैल टोक त्याच विकराच्या दुसऱ्या खोबणीत सरकते, तेथे शेवटचे अक्षर कापले जाते, टोक पुन्हा मूळ जागी येते आणि योग्य अक्षर बसते. छपाईपूर्वी मुद्रितशोधक जे काम करतो तेच काम येथे लिहिणाऱ्याच्याच हातून, लिहिता लिहिता होत असते. यामुळे चुका साधारण शंभर पटींनी घटतात. त्यातूनही ज्या सुटतात त्यांच्यासाठी मागाहून फिरणारी दुरुस्ती यंत्रणा असते (तिच्या उलगड्याबद्दल पॉल मॉड्रिक यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला) आणि अखेरीस चुकांचे प्रमाण शंभर कोटींत एक किंवा त्याहूनही कमी राहते.

आता थोडे अवघड, पण मला सर्वांत प्रिय असलेले. डीएनएच्या धाग्याला दिशा असते. त्यातल्या शर्करेच्या कार्बन अणूंना क्रमांक दिलेले आहेत आणि त्यांवरून धाग्याच्या एका टोकाला 'पाच' व दुसऱ्याला 'तीन' म्हणतात. पॉलिमरेज नवे अक्षर फक्त 'तीन' या टोकाला जोडू शकते, उलट्या दिशेने कधीच नाही. असे का? जोडले जाणारे प्रत्येक नवे अक्षर आपल्यासोबत तीन फॉस्फेटांची शिदोरी घेऊन येते. त्यातले दोन तुटतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जोड पक्का होतो. म्हणजे ऊर्जा येणाऱ्याकडे असते. साखळी जर दुसऱ्या टोकाने वाढत असती, तर ही ऊर्जा साखळीच्या टोकावरच असावी लागली असती. मग चुकीचे अक्षर कापताना त्याच्याबरोबर ऊर्जाही गेली असती, टोक रिकामे राहिले असते आणि पुढचे अक्षर जोडता आले नसते. आताच्या दिशेत चूक कापली तरी काही बिघडत नाही, कारण पुढचे अक्षर स्वतःची शिदोरी घेऊनच येते. एकाच दिशेने चालण्याचे हे बंधन चूक सुधारण्याच्या सोयीशी असे बांधलेले आहे.

या सोयीची किंमतही आहे. डीएनएचे दोन धागे परस्परांच्या विरुद्ध दिशेने गुंफलेले असतात. ते उसवत गेले की एका धाग्याची नक्कल सलग पुढे जाते, पण दुसऱ्याची दिशा नेमकी उलटी पडते. माझी आई उशीच्या अभ्र्याला हाताने उलटी टीप घालत असे, तिची मला येथे नेहमी आठवण होते. सुई पुढे वर काढायची, मागच्या टाक्याच्या टोकाशी मागे टोचायची, खालून पुन्हा पुढे काढायची. प्रत्येक टाका मागे जातो आणि शिवण मात्र पुढे सरकत राहते. दुसऱ्या धाग्यावर हेच घडते. थोडे उसवले की विकर पुढे उडी घेते, मागे येत एक तुकडा लिहिते, पुन्हा पुढे उडी घेते. आपल्या पेशीत असा तुकडा १०० ते २०० अक्षरांचा असतो, म्हणजे एका विभाजनासाठी काही कोटी तुकडे लिहून लायगेज नावाच्या विकराने ते सांधावे लागतात.

या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी ओकाझाकी, त्यांच्या पत्नी त्सुनेको ओकाझाकी आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंना काही सेकंदांपुरतेच किरणोत्सारी थायमिडीन (थायमीन हे अक्षर ज्यातून धाग्यात येते तो रेणू) दिले आणि लगेच काम थांबवून नवा डीएनए मोजला. तो आखूड तुकड्यांत सापडला. थोडा अधिक वेळ दिला की तीच किरणोत्सारी खूण लांब धाग्यांत जाऊन पोहोचलेली दिसे. १९६८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुणेकरांना प्रतिकृतीची ही विद्या करोनाच्या साथीत जवळून भेटली. ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली होती, आणि पुढे 'आरटीपीसीआर' हा शब्द सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सर्वांच्या तोंडी झाला. पीसीआर म्हणजे पेशीबाहेर, नखाएवढ्या नळीत केलेली डीएनएची नक्कल. धागे सुमारे ९५ अंशांना तापवून सोडवायचे, थंड करून सुरुवातीचे छोटे तुकडे चिकटवायचे, ७२ अंशांना पॉलिमरेजकडून नक्कल करून घ्यायची. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. त्यासाठीचे उष्णता सोसणारे विकर यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूपासून मिळाले. त्यात वर वर्णिलेली चूक कापणारी खोबणी काम करत नाही, म्हणून निदानाला ते पुरते, पण जनुकाची बिनचूक प्रत हवी असेल तर दुसरे विकर घ्यावे लागते. या पद्धतीची मूळ कल्पना हरगोविंद खुराना यांच्या गटाने १९७१ मध्ये मांडली होती. ती प्रत्यक्षात आणल्याबद्दल कॅरी मुलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

याच मुलिस यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो हे नाकारले आणि फलज्योतिषाची बाजू घेतली. मोठा पुरस्कार एका कामावर उमटलेली मोहोर असतो. तो मिळालेल्या माणसाचे बाकीचे बोलणे त्यामुळे खरे ठरत नाही. 'सुप्त डीएनए जागृत करा' अशा शिबिरांच्या जाहिराती माझ्या फोनवर अधूनमधून येतात आणि त्यांत एखाद्या नोबेल विजेत्याचे नाव हमखास असते. पैसे भरण्यापूर्वी वाचकांनी एवढेच विचारावे की कोणते विकर, कोणत्या धाग्यावर, काय करते.

वयाच्या बाबतीत मालिकेतला पुरस्कार वास्तवापासून फार दूर नाही. कोंबड्यांतल्या कर्करोगाच्या विषाणूचे संशोधन पेटन राउस यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले आणि नोबेल त्यांना १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी मिळाले. इन्सुलिनसाठी १९२३ मध्ये गौरवले गेलेले बँटिंग ३२ वर्षांचे होते, पण असे उदाहरण विरळाच. रेइजी ओकाझाकी १९३० साली हिरोशिमात जन्मले. अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहरात होते आणि १९७५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने, वयाच्या ४४ व्या वर्षी गेले. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही.

त्सुनेको यांनी नागोयातले काम पुढे चालू ठेवले आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनए या डीएनएच्या भावंड रेणूच्या एका छोट्या तुकड्याने होते, हे उलगडण्यात मोठा वाटा उचलला. २०२१ मध्ये जपानने त्यांना ऑर्डर ऑफ कल्चर हा सन्मान दिला, तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. कोथरूडच्या त्या मुलीने कॅरिंग्टनवर काट मारून तिसऱ्या ओळीत त्यांचे नाव लिहून घेतले.