ब्राह्मी आणि मंडूकपर्णी: एका नावाने विकली जाणारी दोन रोपे

पुण्यातल्या रोपवाटिकेत ‘ब्राह्मी द्या’ म्हटले, की बहुतेक वेळा हाती येते ती गोल पानांची, लांब देठाची, जमिनीवर पसरणारी वनस्पती. तिला ब्राह्मी म्हणणे घराघरांत इतके रुळले आहे, की विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथाने, ब्राह्मी हे नाव ‘बॅकोपा मोनिएरी’साठी आणि मंडूकपर्णी हे नाव ‘सेंटेला एशियाटिका’साठी ठरवलेले आहे. गोल पानांची ती मंडूकपर्णी, म्हणजेच आपल्याकडचा कारिवणा. चरकसंहितेतील चार मेध्य (बुद्धी वाढवणाऱ्या) रसायनांत नाव आहे तेही मंडूकपर्णीचे. पुढे दोघीही बुद्धिवर्धक मानल्या गेल्या आणि त्यातूनच नावांची सरमिसळ झाली असावी, असे मला वाटते.

ओळख पटवायची तर आधी पान पाहावे. ब्राह्मीचे पान नखाएवढे, टोकाला गोलसर, बुडाशी निमुळते आणि घोळाच्या पानासारखे मांसल असते; त्याला देठ जवळजवळ नसतोच, आणि प्रत्येक पेरावर अशी दोन पाने समोरासमोर येतात. मंडूकपर्णीचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, पातळ व कडेला बोथट दातेरी असते, आणि पेरापासून मुळे फुटतात तेथूनच लांब देठांच्या पानांचा झुबका वर येतो.

शंका राहिलीच, तर फुलापाशी ती मिटते. ब्राह्मीच्या पानाच्या बगलेतून दोऱ्यासारखा बारीक दांडा निघतो आणि त्यावर पाच पाकळ्यांचे, पांढरे किंवा फिकट जांभळे असे एकच फूल येते. ते जेमतेम एक सेंटिमीटरचे असले, तरी हिरव्या गालिच्यावर लांबूनही दिसते. मंडूकपर्णी कोथिंबीर आणि गाजर यांच्या कुळातली असूनही तिच्या फुलांना कोथिंबिरीच्या छत्रीचा डौल नाही. तिची इवलीशी, लालसर छटेची फुले दोन-चारच्या पुंजक्यात पानांच्या खाली दडतात, त्यामुळे कित्येकांनी घरात वर्षानुवर्षे रोप असूनही तिचे फूल पाहिलेले नसते.

नावातला हा घोळ लागवडीत महागात पडतो. ‘ब्राह्मीला पाण्यात ठेवा’ हा सल्ला मानून मी एका पावसाळ्यात गोल पानांचे रोप भोक नसलेल्या घमेल्यात लावले आणि वर दोन बोटे पाणी ठेवले. तीन आठवड्यांत देठ बुडाशी काळे पडून सुटे झाले. सल्ला बरोबर होता, रोप दुसरे होते. मंडूकपर्णीला सतत ओल हवी असते, पण कुंडीत साचून राहिलेले पाणी तिला मानवत नाही. म्हणून तिच्यासाठी भोकांची पसरट कुंडी, शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती आणि एखाद्या मोठ्या रोपाची सावली निवडावी. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, विशेषतः पश्चिमेच्या गच्चीवर, तिची पाने कडेने करपतात.

खऱ्या ब्राह्मीला मात्र तेच भोक नसलेले घमेले उत्तम. तळाशी चार बोटे काळी किंवा गाळाची माती व थोडे कुजलेले शेणखत घालावे (कोकोपीट नको, ते पाण्यावर तरंगून वर येते), आणि जूनमध्ये बोटाएवढ्या छाट्या आडव्या ठेवून पेरे मातीत दाबावीत. प्रत्येक पेराला मुळे फुटत असल्याने बी शोधत बसण्याची गरज नाही. मुळे धरली, की मातीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहू द्यावे. ऊन भरपूर मिळाले तर फुलेही भरपूर येतात. सावलीत रोप जगते, पण शेंडे लांबट आणि फिकट होतात. उन्हाळ्यात घमेले एका दिवसातही आटू शकते, तेव्हा रोज सकाळी भर घालावी. साचलेल्या पाण्यात डासांची अंडी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वाढीच्या डासांपर्यंत पोहोचतात, म्हणून आठवड्यातून एकदा घमेले तिरके करून पाणी ओतून टाकावे.

नदीकाठी किंवा ओढ्यात सापडलेली ब्राह्मी फुकट मिळाली म्हणून खाण्यासाठी उपटून आणू नये. ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवते, आणि शहरातून वाहणाऱ्या मुठेच्या पाण्याची अवस्था कोणापासून लपलेली नाही. तिथे तिच्याशेजारी जलपिंपळीही पसरलेली असते, तिला ब्राह्मी समजू नये. तिचे पान टोकाकडे दातेरी असते आणि फुले बोंडासारख्या गुच्छात येतात.