पोटात ठेवलेली गोष्ट

मुलांच्या गुपिताभोवती गुंफलेल्या कौटुंबिक चित्रपटात एक प्रसंग हमखास येतो. दारावरची बेल वाजते, भावंडे घाईघाईने काहीतरी पलंगाखाली सरकवतात, आई खोलीत येते, संशयाने इकडेतिकडे पाहते आणि काहीच न सापडल्यामुळे परत जाते. नाशिकच्या एखाद्या चित्रपटगृहात रविवारच्या दुपारच्या खेळाला बसलेली मुले अशा वेळी श्वास रोखून धरतात, आणि त्यांचे पालकही. गुपित सांभाळण्यातील सारा ताण या लपवाछपवीतच असतो, असा आपला समज पक्का करणारा हा प्रसंग आहे. गुपितांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना मात्र खरा ताण दुसरीकडेच आढळला आहे.

लपवण्याची कला मुळात सोपी नाही. दादासाहेब फाळके यांनी नाशिकमध्ये असताना 1919 साली केलेल्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली होती. त्याच्या आरंभी पडद्यावर केवळ तिचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. पोटातली गोष्ट चेहऱ्यावर दिसू न देण्यासाठीही मुलाला हेच कसब लागते, फक्त उलट दिशेने. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरेच.

हे कसब किती लवकर येते, याचा एक जुना प्रयोग आहे. मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये तीन वर्षांच्या आसपासच्या 33 मुलांना पाठमोरे बसवून मागे एक खेळणे मांडले, ‘वळून पाहू नकोस’ असे बजावले आणि खोलीबाहेर गेले. त्यांपैकी 29 मुलांनी वळून पाहिले. विचारल्यावर 11 जणांनी कबुली दिली, 11 जणांनी चक्क नाही म्हटले आणि उरलेल्या 7 जणांनी उत्तरच दिले नाही. मला या सात जणांचे विशेष कौतुक वाटते, कारण खोटे न बोलता गोष्ट पोटात ठेवण्याचा मार्ग त्यांना सापडला होता.

खरे गुपित राखण्यासाठी मात्र याहून मोठी उडी घ्यावी लागते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याला ठाऊक नसू शकते, हे आधी उमगावे लागते. विमर आणि पेर्नर यांनी 1983 मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परतल्यावर तो कुठे शोधेल? अगदी लहान मुले, चॉकलेट आता जिथे आहे त्याच कपाटाकडे बोट दाखवतात. साधारण चौथ्या वर्षानंतर बहुतेक मुलांना योग्य उत्तर देता येऊ लागते. घरातले धाकटे पोर पहिल्यांदा खपेल असे खोटे बोलते, तेव्हा आईबाप धास्तावतात. वास्तविक त्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या मनाचा अंदाज आलेला असतो.

आता नववीतील एका मुलीची कल्पना करू. घटक चाचणीत गणितात नापास झाल्याची उत्तरपत्रिका तिने जुन्या वह्यांत दडवली आहे. घरात गुणांचा विषय आठवड्यातून फार तर एकदोनदा निघेल, म्हणजे प्रत्यक्ष लपवण्याची वेळ तेवढीच. पण गंगापूर रोडवरच्या क्लासला सायकलवरून जाताना, जेवताना आणि रात्री दिवा मालवल्यावर ती उत्तरपत्रिका तिच्यासोबत असते. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 13,000 हून अधिक गुपितांचा विचार केला होता. त्यात आढळले, की लोकांना आपले गुपित प्रत्यक्ष लपवावे लागते त्याच्या जवळपास दुप्पट वेळा ते एकांतात आपोआप आठवते, आणि मनःस्वास्थ्य खालावण्याचा संबंध या आठवण्याशी अधिक आहे. हा अभ्यास प्रौढांचा होता, तो मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी तिच्या रात्रींचा अर्थ त्यातून लागतो. पलंगाखाली वस्तू सरकवणे चित्रपटाला सहज दाखवता येते. छताकडे पाहत पडलेली मुलगी दहा मिनिटे दाखवली, तर प्रेक्षक उठून जातील.

तो विचार झटकून का टाकता येत नाही, याचा उलगडा डॅनिएल वेग्नर यांच्या 1987 मधील प्रयोगातून होतो. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तरीही आला तर घंटी वाजवा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. घंटी वाजत राहिली. विचार आला की नाही हे तपासण्यासाठी मनाला तोच विचार जवळ बाळगावा लागतो, अशी त्यांची मीमांसा होती.

म्हणून मुलांनी आईवडिलांना सगळेच सांगावे काय? नेदरलँड्समधील कातरिन फिंकेनाउअर आणि सहकाऱ्यांना 2002 मध्ये दुहेरी चित्र दिसले: पालकांपासून गुपिते राखणाऱ्या किशोरवयीनांत शारीरिक तक्रारी आणि खिन्नता अधिक होती, पण भावनिक स्वावलंबनही अधिक होते. पोटात ठेवणे हा आपला वाक्प्रचार येथे नकळत शब्दशः खरा होतो. पुढे 2009 मध्ये टॉम फ्रेन्स यांच्यासह केलेल्या अभ्यासात आणखी एक भेद पुढे आला. त्रासाचा संबंध प्रामुख्याने एकट्याने वाहिलेल्या गुपितांशी होता. जिवलग मैत्रिणीला किंवा मित्राला सांगितलेल्या गुपितांशी तसा नव्हता.

पालकांचा पहिला उपाय बहुधा मोबाइल तपासणे हा असतो. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी 2000 मध्ये 14 वर्षांच्या 703 मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांविषयी पालकांना जे ठाऊक होते, त्यातले बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेले होते. चौकशी आणि निर्बंध यांचा वाटा त्यामानाने थोडा होता. अर्थात घरात आधीच विश्वास असेल तर मूल जास्त बोलते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एवढ्यावरून ठरत नाही.

एका प्रकारच्या गुपिताला मात्र पोटात ठेवण्याची मोकळीक लागू नाही: मोठ्या माणसाने स्पर्शाबद्दल किंवा धमकीबद्दल मुलावर लादलेले गुपित. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि 1098 हा बालमदतीचा विनामूल्य क्रमांक मुलांना स्वतःही फिरवता येतो. वाढदिवसाची गुप्त तयारी काही दिवसांनी उघड व्हायचीच असते, लादलेले गुपित ‘कधीच कुणाला सांगायचे नाही’ या अटीवर टिकते. हा फरक पहिलीतल्या मुलालाही समजतो.

नववीतील त्या मुलीने उत्तरपत्रिकेचे अखेर काय केले असेल? बहुधा चित्रपट पाहून परतताना, स्कूटरवर बाबांच्या पाठीमागे बसून, त्यांचा चेहरा दिसत नसताना आणि वाऱ्यात अर्धे शब्द हरवत असताना, तिने विचारले असेल, की गणितात नापास झालेल्या मुलीला तिची मैत्रीण आता काय सल्ला देईल.